आगीसाठी भरती झालो आणि अँब्युलन्सवरच अडकलो, सोडून देऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय 32, शहराच्या अग्निशमन आणि आपत्कालीन वैद्यकीय सेवा अशा एकत्र खात्यात 7 वर्षं नोकरी, 24 तासांची ड्युटी. त्याचं म्हणणं असं की भरती झालो ती आग विझवायला, आणि करतोय काय तर बाथरूममधे पडलेल्या आजींना उचलणं, दारू पिऊन रस्त्यात झोपलेल्याला उठवणं, छातीत जळजळ झाली म्हणून हॉस्पिटलला पोचवणं. मागच्या वर्षभरात मोठी म्हणावी अशी आग दोनच वेळा. "मला फसवल्यासारखं वाटतं." खात्यातच फायर प्रिव्हेन्शनला, म्हणजे इमारतींच्या तपासणीच्या कामावर, एक जागा निघालीये, दिवसाची ड्युटी आहे, अर्जाला तीन आठवडे राहिलेत. बायको म्हणते घे, सोबतचे म्हणतात पळपुटा. नोकरीच सोडून मेव्हण्याच्या धंद्यात जावं असंही मधेच वाटतं. पत्राच्या शेवटी, "बाकी काही विशेष नाही" म्हणत, त्याने लिहिलंय की चार महिन्यांपूर्वी एका घरात एका माणसाला सीपीआर (बंद पडलेलं हृदय चालू व्हावं म्हणून छाती दाबणं) देत होतो, त्यांची शाळेच्या ड्रेसमधली मुलगी दारात उभी होती, तिने विचारलं "बाबा उठतील ना?", मी हो म्हणालो, ते उठले नाहीत. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. त्या घरी जाऊन माफी मागावी असं कधीकधी वाटतं. प्रश्न: बदली घेऊ, नोकरी सोडू, की मन मारून राहू?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा अँब्युलन्सचा वैताग दिसला, दुसऱ्यांदा बदलीचा गुंता, आणि तिसऱ्यांदा लक्षात आलं की वैतागाला तू दोन पानं दिलीयेस आणि त्या मुलीला चार ओळी. मी अशाच एका खात्यात 19 वर्षं काढलीयेत, आधी पाच बंबावर आणि मग 14 अँब्युलन्सवर, आता नवीन पोरांना शिकवते. आपल्या लोकांची ही सवय मला पक्की माहितीये, खरं दुखणं निघता निघता सांगायचं, बूट घालताना, दार उघडताना, "बरं ते जाऊ दे" असं म्हणत. मी ते जाऊ देणार नाहीये. पण आधी वैतागाचं बघू, कारण तोही खोटा नाहीये आणि अशी पत्रं मला बऱ्याच जणांकडून येतात.

फसवल्यासारखं वाटतं म्हणतोस. भरतीच्या पोस्टरवर ज्वाळा असतात, ट्रेनिंगमधे होज म्हणजे पाण्याचा पाइप, शिडी, श्वसनयंत्र, धुराची खोली यात दिवसच्या दिवस जातात, मेडिकलचा भाग कुठेतरी मधे बसवलेला असतो, त्यामुळे पोरगं बाहेर पडतं ते स्वतःला आग विझवणारा जवान समजत आणि अँब्युलन्स म्हणजे वाट्याला आलेली शिक्षा असं धरून. ही समजूत खात्यानेच करून दिलेली असते, तुझी चूक नाही त्यात. पण एकदा शांतपणे आकडे बघ. अमेरिकेतल्या अग्निशमन दलांकडे जे कॉल येतात त्यात 100 मधे 60 च्या वर मेडिकलचे असतात, प्रत्यक्ष आगीचे जेमतेम चार-पाच. आगी कमी व्हायला कारणं आहेत, स्मोक डिटेक्टर आले, स्प्रिंकलर आले, बांधकामाचे नियम कडक झाले, आणि हे सगळं व्हावं म्हणून आपल्याच आधीच्या पिढ्यांनी आरडाओरडा केला. वर्षात दोनच मोठ्या आगी लागल्या याचं तुला वाईट वाटतंय, मला ते समजतं, शिकलेलं वापरायला मिळत नाही ही तळमळ खरी असते, पण त्या न लागलेल्या आगींमधे कोणाचीतरी घरं होती हेही आहेच ना.

आणि अँब्युलन्स बंबाच्या शेजारी येऊन उभी राहिली ती काही कोणी खर्च वाचवायला टाकली म्हणून नाही, निदान सुरुवात तशी नव्हती. 1966 साली बेलफास्टमधे फ्रँक पँट्रिज नावाच्या डॉक्टरने डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देऊन ते चालू करायचं यंत्र, गाडीत टाकून पेशंटच्या दारात न्यायला सुरुवात केली, कारण हार्ट अटॅकची बरीच माणसं हॉस्पिटलला पोचायच्या आधीच जात होती. मग 1970 मधे सिएटलला लिओनार्ड कॉब या हृदयरोगतज्ज्ञाने आणि तिथले फायर चीफ गॉर्डन व्हिकरी यांनी मिळून ते काम जवानांच्या हातात दिलं. विचार साधा होता, शहरभर पसरलेली स्टेशनं, बेल वाजली की मिनिटाच्या आत निघणारी माणसं आणि रात्रंदिवस तयार गाड्या आधीच कोणाकडे आहेत, तर फायरवाल्यांकडे. हृदय बंद पडलं आणि कोणी छाती दाबलीच नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी उतरत जाते. तिथे जो आधी पोचतो तोच कामाचा. त्यामुळे अँब्युलन्सवर बसलास की तू जवान राहत नाहीस असं तू धरून चाललायस ना, ते मला पटत नाही.

आता आजींबद्दल. तू लिहिलंयस "आजींना उचलणं", जसं काही पोतं उचलावं. माझ्या अँब्युलन्सच्या पहिल्या वर्षात मीही असंच करायचे, जायचं, काखेत हात घालायचे, खुर्चीत बसवायचं, सही घ्यायची, निघायचं. एकदा पहाटे चारला असाच कॉल, तिसरा मजला, आजी बाथरूमच्या उंबऱ्यात आडव्या, एक चप्पल पायात आणि एक बादलीत, आणि मला म्हणतात "सॉरी गं बाई, तुला झोपेतून उठवलं." मी हात घालणार तेवढ्यात माझा पार्टनर, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी सीनियर, तिथे ओल्या फरशीवर चक्क मांडी घालून बसला आणि विचारायला लागला, आजी किती वेळ झाला पडून, पडायच्या आधी गरगरलं का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, डोकं कुठे आपटलं का. डोकं आपटलं होतं, थोडंसंच, टेंगूळ केसांत लपलेलं, आणि गोळी चालू होती. अशा माणसाच्या डोक्यात रक्त हळूहळू साठू शकतं, वरून बोलणं अगदी ठणठणीत असतं आणि काही तासांनी बेशुद्ध. आम्ही त्यांना घेऊन गेलो, स्कॅनमधे रक्तस्राव निघाला. मी एकटी असते तर खुर्चीत बसवून, सही घेऊन परत आले असते. हे मी आजही दर बॅचला सांगते आणि दरवेळी सांगताना पोटात कालवतं.

पडलेल्या माणसाच्या कॉलला म्हणूनच मी साधा कॉल म्हणत नाही. तासाच्या वर जमिनीवर एकाच कुशीवर पडून राहिलं की दाबलेल्या स्नायूंचा नाश होऊन किडनीवर येऊ शकतं, म्हणून "किती वेळ" हा प्रश्न पहिला. साखर तपास, नाडी हाताने बघ, ईसीजी काढ, कारण कधीकधी हृदयाचा ठोका चुकलेला असतो म्हणून माणूस पडलेला असतो. औषधांचा डबा बघ, पायपुसणं बघ, दिवा लागतो का बघ. तिसऱ्यांदा त्याच घरी गेलास तर तुला त्या माणसाच्या डॉक्टरपेक्षा जास्त माहिती असते, आणि ती माहिती कोणाला कळवत नाही आपण, ही आपली चूक. पुढची ड्युटी मनाशी एवढं ठरवून कर की एकाही कॉलवर "का पडले" हे कळल्याशिवाय उठायचं नाही. वैताग जाईल असं मी म्हणत नाही, पण कामाची चव बदलते हे स्वतःच्या अनुभवाने सांगते.

तुझ्या तक्रारीतला काही भाग मात्र शंभर टक्के बरोबर आहे आणि तो गोड बोलून मी झाकणार नाही. रात्री चार-चार, पाच-पाच वेळा उठायचं, त्यातले दोन कॉल असे की गाडीची गरजच नव्हती, आणि त्याच वेळी दुसरीकडे खरोखर श्वास अडकलेला माणूस वाट बघतोय, हे कोणाचंही डोकं फिरवेल. त्यावर एकट्याने चडफडण्यापेक्षा लिहून काढ. तीन महिने एक साधी वही ठेव, पेशंटचं नाव-पत्ता काही नको, फक्त वेळ, कॉलचा प्रकार, गाडी लागली का नाही, त्याच ठिकाणी परत किती वेळा. मग ती क्रूच्या सह्यांनी ऑफिसरकडे दे आणि मागा की सारख्या लागणाऱ्या घरांकडे दिवसा कोणीतरी भेट द्यावी, कंट्रोल रूमला कॉल घेताना चार प्रश्न जास्त विचारू द्यावेत, आणि अँब्युलन्स-बंब पाळी आलटून पालटून लावावी. बऱ्याच शहरांत हे प्रकार सुरू झालेत, मागितल्यावरच झालेत. सात वर्षांत तुला बंबावर किती ड्युट्या मिळाल्या आणि तुझ्या बॅचच्या इतरांना किती, हेही मोज. फरक निघाला तर तो सरळ विचारायचा हक्क आहे तुला.

बरं, आता ती मुलगी.

तू एक शब्द बोललास, "हो". त्या क्षणी तुझे हात एका माणसाच्या छातीवर होते, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगाने, पाच-सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, मनात आकडे मोजायचे, 30 झाले की दोन श्वास, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा कारण त्यापुढे दाब उथळ व्हायला लागतात आणि करणाऱ्याला ते कळतही नाही. अशा वेळी दारातून लहान मुलीचा आवाज येतो. तू काय, मी काय, कोणीही त्या सेकंदाला जे तोंडाला येईल तेच बोलतो, आणि आपल्या तोंडाला "हो" येतं कारण आपण त्यासाठीच तिथे गेलेलो असतो. ते खोटं बोलणं नव्हतं रे, तुला तसं व्हावं वाटत होतं ते तू बोललास.

तरी मी तुला "विसरून जा" म्हणणार नाही, कारण तुला ते बोचतंय यात एक बरोबर गोष्ट आहे, मुलांना काय सांगायचं हे आपल्याला कोणी शिकवलेलंच नसतं. सीपीआर पाठ करून घेतात, पण दारात उभ्या असलेल्याशी बोलायचं कसं यावर मला आठवतं तसं आमच्या ट्रेनिंगमधे एक तास होता, तोही दुपारी जेवणानंतरचा. चांगली यंत्रणा असलेल्या देशांतही हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी दहात एखादाच घरी परत जातो. म्हणजे तो प्रश्न आपल्याला आयुष्यभर विचारला जाणार, आणि बहुतेक वेळा खरं उत्तर "नाही" असणार. तर तयार वाक्यं हवीत, होजची जोडणी जशी अंधारातही जमते तशी. मी नवीन पोरांना शिकवते ती अशी: "तुझ्या बाबांचं हृदय थांबलंय. आम्ही ते चालू करायचा प्रयत्न करतोय. उठतील का ते मला आत्ता माहीत नाही. या ताई तुझ्याजवळ थांबतील." एवढंच. आणि खरंच कोणीतरी एक माणूस तिच्याजवळ थांबवायचा, शेजारी असेल, पोलीस असेल, बंबावरचा ड्रायव्हर असेल, कोणीही.

आणि माणूस गेला तर "गेले" म्हणायचं नाही. मी म्हणाले होते एकदा. सहा-सात वर्षांचा मुलगा होता, मी गुडघ्यावर बसून अगदी मायेने म्हणाले "बाळा, आजोबा गेले", आणि तो म्हणाला "कुठे?" आणि जिन्याकडे बघायला लागला. आपल्या भाषेत मरणाला इतके आडपडदे आहेत, गेले, राहिले नाहीत, देवाघरी गेले, शांत झाले, मोठ्यांना ते बरे वाटतात, पण मूल ते जसंच्या तसं घेतं आणि वाट बघत बसतं. म्हणून आता मी सांगते, "आजोबांचा मृत्यू झालाय, म्हणजे त्यांचं शरीर बंद पडलंय, ते आता परत उठणार नाहीत." ऐकायला कठोर वाटतं, पण मूल निदान जिन्याकडे बघत नाही. मोठ्यांनाही "वारले" किंवा "मृत्यू झाला" असं एकदा स्पष्ट सांगायचंच, नंतर हवं तर हळुवार बोलावं.

एक अजून. ती दारात उभी होती, तिला आत न्यायला हवं होतं असंही तुला वाटत असेल कदाचित, पत्रात नाहीये पण वाटत असणार. 2013 मधे फ्रान्सचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, घरात सीपीआर चालू असताना नातेवाईकांना थांबायला दिलं तर तीन महिन्यांनी त्यांना त्रास कमी होता, जास्त नाही. तो मोठ्या माणसांवरचा आहे, लहान मुलीला तसाच्या तसा लावता येणार नाही, पण "तिने बघितलं म्हणजे तिचं वाटोळं झालं" हेही धरून चालू नकोस. तिने हेही बघितलं की चार माणसं घामाने निथळत तिच्या बाबांसाठी झटत होती.

आता तुझ्या झोपेचं. चार महिने झालेत. असा कॉल झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे झोप उडणं, तो प्रसंग डोळ्यांपुढे येणं, चिडचिड, हे बऱ्याच जणांना होतं आणि आपोआप ओसरतं. महिना उलटूनही ते राहिलं तर ते आपोआप ओसरायची वाट बघायची नसते, दाखवायचं असतं. स्वतःला विचार, त्या गल्लीतून गाडी नेताना रस्ता बदलतोस का, शाळेच्या ड्रेसमधली मुलं दिसली की छातीत काही होतं का, बेल वाजली की हाताला घाम येतो का, घरात विनाकारण आवाज चढतो का, झोपेसाठी दारू लागायला लागलीये का. यातल्या दोन-तीनला हो असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा आघातावर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा. अशा त्रासावर नेमके उपचार आहेत, आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा बोलून करायचा उपचार) आहे, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने तो प्रसंग पचवायचा उपचार) आहे, काही आठवड्यांचं काम असतं आणि गुण येतो. मोठ्या कॉलनंतर सगळ्यांना एकदाच गोल बसवून सक्तीने बोलायला लावायची जी पद्धत होती तिचा फारसा उपयोग होत नाही असं अभ्यासांतून दिसलंय, त्यामुळे तशा बैठकीला जाऊन तुला बरं वाटलं नसेल तर उपचारांचा उपयोगच नाही असा अर्थ काढू नकोस. दारूने झोप लागते पण मोडते, मधेच दोनला-तीनला जाग येते ती तिच्यामुळेच. आणि कधी जीव नकोसा वाटला, नुसता विचार जरी चाटून गेला, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांग, पार्टनरला, बायकोला, हेल्पलाइनला, त्यात उद्यावर ढकलण्यासारखं काही नसतं.

"रेकॉर्डवर येईल, मग बंबावर कधीच घेणार नाहीत" अशी भीती मला बरेच जण लिहितात, तुझ्याही मनात असेल. खात्याच्या डॉक्टरकडे जायचं नसेल तर बाहेर जा, पण जा. आणि जाण्याआधी खात्याचा गोपनीयतेचा नियम काय आहे ते युनियनच्या माणसाकडून नीट समजून घे, अर्ध्या वेळा ती भीती कोणाच्यातरी ऐकीव गोष्टीवर उभी असते.

बदलीबद्दल. तुला वाटतंय तपासणीचं काम म्हणजे आगीपासून पळणं, आणि सोबतच्यांनी पळपुटा म्हणून त्यावर शिक्का मारला. मला उलट वाटतं की ज्याला आग हेच खरं काम वाटतं त्याच्यासाठी ती जागा आगीच्या सगळ्यात जवळची आहे. 13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 59 माणसं मेली, बहुतेक धुराने गुदमरून, बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून बाहेर पडायची वाट अडवलेली होती. त्या खुर्च्या वेळेत हलवायला लावणारा कोणी असता तर. बंद कुलूप लावलेला आपत्कालीन दरवाजा, जिन्यात रचलेली खोकी, बिघडलेला पंप, हे शोधून त्यावर ठाम राहायचं, दबाव आला तरी सही न करणं, याला बंबावर चढण्याइतकंच काळीज लागतं. फक्त तिथे टाळ्या वाजत नाहीत, आणि कागद खूप असतात, आणि कोणी वाचलं तर कोण वाचलं ते तुला कधी कळत नाही. तुला माणसाचा चेहरा बघायला लागतो की नाही हे तुझं तुला ठरवावं लागेल.

तरी माझं प्रामाणिक मत असं की आज, या झोपेवर, हा निर्णय कायमचा म्हणून घेऊ नकोस. सलग 17 तास जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायल्यासारखा मंद झालेला असतो हे तपासून सिद्ध झालंय, आणि तू तर चार महिने अर्धवट झोपेवर आहेस. पण अर्जाची मुदत तीन आठवडे आहे म्हणून अर्ज भरून टाक, अर्ज म्हणजे होकार नव्हे. त्याआधी विचारून घे: जागा कायमची की काही वर्षांची, परत फील्डवर यायचा हक्क राहतो का, फील्डचे भत्ते जाऊन हातात किती पडणार, पेन्शनला फरक पडतो का, आणि मेडिकलचं सर्टिफिकेट चालू ठेवायला लागणारे प्रशिक्षणाचे तास भरू देतात का. शेवटचं बरेच जण विसरतात आणि दोन वर्षांनी परत यायचं म्हटलं की कागदावर अडकतात. एक दिवस त्या ऑफिसच्या माणसाबरोबर सुट्टी टाकून फिर. मग काही आठवडे उपचार घेऊन, झोप सुधारून परत स्वतःला विचार की अँब्युलन्स नको आहे, का त्या एका घराची आठवण नको आहे. दुसरं असेल तर ती तुझ्याबरोबर तपासणीच्या ऑफिसातही येईल, मेव्हण्याच्या दुकानातही येईल.

मेव्हण्याच्या धंद्याचं एवढंच, धंदा आवडतो म्हणून जाणार असशील तर जा. तुझ्या पत्रात त्या धंद्याबद्दल तो काय आहे हेसुद्धा नाहीये.

राहायचं ठरलं तर, आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही, शरीराकडे बघा. जवानाचं काम 2022 मधे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगाला कारणीभूत असं पक्कं ठरवलंय. आग विझली की जागेवरच गिअर म्हणजे अंगावरचा संरक्षक पोशाख धुवा, डोक्या-मानेवरचं हूड बदला, तासाभरात अंघोळ, काजळी लागलेलं काहीही घरी किंवा स्वतःच्या गाडीत नेऊ नका, ती काजळी मिरवायची गोष्ट नाहीये. अमेरिकेत ड्युटीवर मेलेल्या जवानांपैकी जवळजवळ निम्मे हृदयाने गेलेत, तर वर्षातून एकदा हृदयाची तपासणी करा, फक्त भरतीच्या वेळची नको. स्ट्रेचर एकट्याने उचलू नका, कंबर गेली की बंब आणि अँब्युलन्स दोन्ही जातात. आणि 24 तासांनंतर डोळे मिटत असतील तर स्टेशनवर अर्धा तास झोपून मग गाडी काढा, घरचे अर्धा तास थांबतात.

त्या घरी जायचं का. मी नाही म्हणेन, निदान असा अचानक, एकटा, मनावरचं ओझं घेऊन तर नाहीच. त्या मुलीला चार महिन्यांनी दारात एक वर्दीतला माणूस दिसेल आणि तो तिची माफी मागेल, मग त्याला समजवायचं काम तिच्यावर पडेल, ते तिचं काम नाही. शिवाय पेशंटच्या घरी परत जाण्याबद्दल खात्याचे नियम असतात. ऑफिसरला एवढं विचारू शकतोस की त्या कुटुंबाला कोणी नंतर भेटलं का, शोकाच्या काळात मुलांना आधार देणारी कुठली सेवा त्यांना कळवली का, नसेल तर खात्याकडून तेवढा एक निरोप जाऊ दे. आणि कधी त्या घरच्यांनी स्वतःहून विचारलं की त्या दिवशी काय झालं, तर खात्यातून परवानगी घेऊन जा, कोणालातरी सोबत घेऊन जा, आणि तिने विचारलं तर सांग, "मी हो म्हणालो होतो कारण मला ते उठायला हवे होते."

बायकोला तू यातलं काहीच सांगितलेलं दिसत नाही, कारण पत्रात तिचं मत फक्त ड्युटीच्या वेळेबद्दल आहे. तिला सगळा कॉल सांगू नकोस, रक्त, घर, पत्ता, काही नको. पोरं झोपल्यावर, फोन बाजूला ठेवून, पहिलं वाक्य एवढंच म्हण: "चार महिन्यांपूर्वी एका कॉलवर एका मुलीने मला काहीतरी विचारलं होतं, ते डोक्यातून जात नाहीये." पुढचं ती विचारेल.